सेन्सर बदलला, गाडी तिथेच

गाडीला सेल्फ मारला, इंजिन फिरलं, पण सुरू काही झालं नाही, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो: "स्कॅनर लावा. कोड येईल. तो पार्ट बदला. विषय संपला." सल्ला देणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ॲप तयारच असतं आणि खिशात काहीशे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर. आधी पंप चालतोय का ते बघूया, असं कुणी म्हटलंच तर तो माणूस जुन्या जमान्यातला ठरतो.

या सल्ल्यामागे एक ठाम समजूत आहे. गाडीत कॉम्प्युटर आला आणि निदानाचं कसब संपलं. काय बिघडलंय ते गाडी स्वतःच सांगते. मेकॅनिकचं काम आता नट सोडवण्या-आवळण्यापुरतं उरलं. गाडीवाले असं म्हणतात, पार्टच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस असं म्हणतो, आणि आयटीआयमधून 'मेकॅनिक मोटर व्हेइकल'चा दोन वर्षांचा कोर्स करून आलेली पोरंही आता असं म्हणू लागली आहेत. समजूत नुसती चुकीची असती तर सोडून देता आली असती. पण तिचं बिल दर वेळी गाडीच्या मालकाच्या नावावर फाटतं, म्हणून तिचा समाचार घ्यायला हवा.

आधी स्कॅनरवाल्यांचं जे बरोबर आहे ते. बीएस-६ गाडीला स्कॅनरशिवाय हात लावणं हा खुळेपणा आहे. इमोबिलायझरने चावी ओळखली की नाही, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि बाकीची कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतायत की नाही, सेल्फ मारताना ईसीएमला इंजिनचा वेग किती दिसतोय, डिझेलच्या रेलमध्ये दाब किती चढतोय, हे सगळं स्कॅनरवर क्षणात कळतं. त्यामुळे भांडण यंत्राशी नाहीच. लाइव्ह डेटा न उघडता कोडची यादी वाचायची, यादीतल्या पहिल्या नावाचा पार्ट मागवायचा आणि त्याला निदान म्हणायचं, या सवयीशी भांडण आहे.

ही यंत्रणा मुळात कशासाठी आली ते विसरलं की पुढचा घोळ होतो. ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच्या तब्येतीवर ठेवायची नजर, ही कॅलिफोर्नियातल्या धुरक्याच्या प्रश्नातून जन्मली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीची झाली. भारतात बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० मध्ये ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आली. सरकारला हवं होतं ते एवढंच, की सायलेन्सरमधून प्रमाणाबाहेर घाण पडायला लागली तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागावा. बंद पडलेली गाडी सुरू करून देणं हे तिचं काम कधीच नव्हतं. मिसफायर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर या तिच्या मोठ्या तपासण्या इंजिन चालू असतानाच होतात. काहींना तर सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसावा लागतो, तेव्हा कुठे दिवा लागतो. जे इंजिन सुरूच झालेलं नाही, त्याच्या बाबतीत या तपासण्यांना सुरुवातही होत नाही. उरतात त्या मुख्यतः तारा आणि सेन्सर यांच्या सर्किटच्या तपासण्या. न उचलणाऱ्या गाडीत ही यंत्रणा अर्धीच जागी असते.

याचं सर्वांत ठळक उदाहरण टाकीतल्या फ्युएल पंपाचं. साध्या एमपीएफआय पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि लाइनमधला दाब रेग्युलेटर साधारण ३ ते ४ बारवर राखतो. पण अशा बहुतेक गाड्यांत तो दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ईसीएम रिलेला हुकूम सोडतो आणि गृहीत धरतो की पंप फिरला, दाब आला. पंपाची मोटर जळालेली असो, फिल्टर चोक झालेला असो, टाकी रिकामी असून काटा खोटं बोलत असो, त्याला कळायला मार्ग नाही. स्कॅनर लावला की स्वच्छ पाटी: एकही दोष नाही. मग पडद्यावर काही नाही म्हणजे इंधन ठीकच असणार, असं धरून माणसं तासन्‌तास प्लग आणि कॉइलच्या मागे लागतात.

हाच दोष पकडायला लागते ती शांतता. रेडिओ बंद, ब्लोअर बंद, दारं बंद. एकाने चावी 'ऑन'ला न्यायची, सेल्फ मारायचा नाही. दुसऱ्याने मागच्या सीटशी कान लावायचा. सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घुंई ऐकू येऊन थांबली पाहिजे. पंप लाइनमध्ये दाब भरून घेतो त्याचा तो आवाज. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच जातीचा असतो. तो काढून पंपाच्या जागी बसवून बघायला दमडीही लागत नाही. फोर्ड आयकॉनसारख्या काही जुन्या गाड्यांत तर गाडी जोरात आदळली की पंपाचा करंट तोडणारा स्विच असतो. अपघातात पेट्रोल सांडत राहू नये म्हणून केलेली ती सोय, पण आपल्याकडचे खड्डे तिला अपघातच वाटू शकतात. त्याचं बटण दाबलं की पंप पुन्हा चालू. आणि उलट बाजूही लक्षात ठेवायची: आवाज आला म्हणजे दाब आलाच असं नाही. त्याला लाइनवर गेजच लावावा लागतो.

आवाज आला नाही, फ्यूज-रिले ठीक आहेत, तर पाळी पंपाच्या कपलरची. मागची सीट उचललेली, खालचं झाकण उघडलेलं, धुळीत माखलेलं कपलर सोडवून मेकॅनिकने मल्टिमीटरच्या सळ्या पिनांना टेकवलेल्या. चावी 'ऑन' होते, मीटर १२ व्होल्ट दाखवतो. "करंट येतोय. पंपच गेला." इथपर्यंत आलेला माणूस स्कॅनरवाल्यापेक्षा पुढे आहे हे खरं, पण तोही एक पायरी आधीच थांबला. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. आतून कुजलेल्या तारेचा एकच तंतू शिल्लक असला तरी त्याला १२ व्होल्ट दिसतात. त्याच दोन पिनांवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावून बघावा. लख्ख पेटला तर तारांवरचा संशय बराच कमी होतो आणि पंपाला दोष द्यायला हरकत नाही. मंद, लालसर होऊन राहिला तर दोष तारेत, कपलरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे, आणि नवा कोरा पंप बसवला तरी गाडी जागची हलणार नाही. बल्बची किंमत चहा-वड्याएवढी. हे ज्ञान कुठल्याही कोडमध्ये नाही.

दुसरं आंधळं ठिकाण यांत्रिक आहे. चांगलं इंजिन सेल्फवर फिरतं तेव्हा आवाजात चढउतार असतात. प्रत्येक सिलेंडरचं कम्प्रेशन ओलांडताना मोटर जराशी दबते. टायमिंग बेल्ट तुटून कॅम थांबला की ही दबकी लय जाते आणि इंजिन सुळसुळीत, नेहमीपेक्षा वेगात फिरतं. जाणता माणूस हे पहिल्या सेल्फला ओळखतो आणि चावीवरचा हात काढून घेतो. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह आळीपाळीने एकाच जागेत येतात, तिथे आणखी सेल्फ मारणं म्हणजे हेडचं काम वाढवून घेणं.

सेल्फच्या वेळी सिलेंडरमध्ये कम्प्रेशन होतंय की नाही, हे सांगणारा सेन्सर गाडीत नसतो. फार तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असा पी-००१६ येईल, किंवा कॅम सेन्सरच्या सर्किटचा पी-०३४०. मग काय होतं? पी-०३४० दिसला, कॅम सेन्सर मागवला, बसवला, सेल्फ मारला. बेल्ट आत तुटून पडलेला, कॅम ढिम्म, सेन्सरसमोरून काही सरकतच नाही तर बिचारा सिग्नल कशाचा देणार? जुन्या सेन्सरने खरं तेच सांगितलं होतं. शिक्षा मात्र त्याला झाली.

पी-०३३५ या कोडची गतही तीच. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटकडून अपेक्षित सिग्नल मिळाला नाही, इतकंच तो कोड सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, तिथून ईसीएमपर्यंतच्या तारा आल्या, कपलरच्या पिना आल्या, सेन्सरसमोर फिरणारी दातेरी चकती आली, ईसीएम स्वतःही आला. कोड हा एफआयआर आहे; त्यात नाव आलं म्हणून गुन्हा शाबीत होत नाही, तपास करावा लागतो. इथे तपासही छोटा आहे. सेल्फ मारताना लाइव्ह डेटामधला आरपीएम बघायचा. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे घेतं. तेवढा आकडा स्थिर दिसत असेल तर सेन्सर त्या क्षणी तरी काम करतोय आणि कोड बहुधा मागचा कधीतरीचा, न पुसलेला आहे. शून्य दिसलं तर आधी कपलर, तारा, उंदरांनी कुरतडलेलं इन्सुलेशन, सेन्सर त्यानंतर. हा सेन्सर खरोखर गेला की त्याची एक ओळखीची खोड असते: गाडी तापली की बंद, गार झाली की काहीच झालं नसल्यासारखी सुरू. तशा बंद पडलेल्या गाडीत सेन्सरवर थोडं गार पाणी ओतल्यावर इंजिन उचललं, तर आरोप पक्का. मग खुशाल बदलावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तर कोड बघूनच काम होतं, ते काय मूर्ख आहेत? त्याचं उत्तर कंपन्यांच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. प्रत्येक कोडपुढे तिथे पायऱ्यांचा तक्ता असतो: कपलर बघा, सप्लाय मोजा, अर्थ मोजा, तार तुटलीय का बघा, शॉर्ट झालीय का बघा. सेन्सर बदलणं त्या तक्त्याच्या शेवटाकडे येतं आणि ईसीएमवर संशय घ्यायची परवानगी अगदी तळाशी. ज्यांनी कोड लिहिले त्यांनाच कोडवर एवढा विश्वास नाही. पहिली पायरी वाचून शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्याने कंपनीच्या नावाचा आधार घेऊ नये.

डिझेलमध्ये हीच उडी जास्त महाग पडते. पुण्याजवळच्या रांजणगावात फियाटच्या कारखान्यात तयार झालेलं १.३ लिटरचं मल्टिजेट आणि मारुतीने डीडीआयएस नावाने वापरलेलं तेच इंजिन, हे अनेक वर्षं इथल्या छोट्या डिझेल गाड्यांचं हुकमी इंजिन होतं. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेकांच्या बॉनेटखाली ते बसलं. अशी कॉमन रेल गाडी सेल्फ घेते, उचलत नाही, स्कॅनर पी-००८७ म्हणतो, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. लगेच हाय प्रेशर पंपाचा भाव विचारला जातो. पण कॉमन रेलचा हिशेब असा, की रेलमध्ये साधारण २०० ते २५० बार दाब झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही, आणि तेवढा दाब न होण्याची कारणं पंपाखेरीज अनेक आहेत. फिल्टर चोक असेल. फिल्टर बदलताना लाइनमध्ये एअर धरली असेल. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला असेल. किंवा इंजेक्टर झिजले असतील आणि पंपाने भरलेलं डिझेल दाब न होता रिटर्नला पळत असेल.

हे शेवटचं तपासायची रीत बघण्यासारखी आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नचे पाइप काढायचे, तिथे पारदर्शक नळ्या लावून प्रत्येक नळी एकेका बाटलीत सोडायची आणि सेल्फ मारायचा. तीन बाटल्यांचा तळ जेमतेम ओला झाला आणि चौथीत बोटभर डिझेल साचलं, तर गुन्हेगार तो चौथा इंजेक्टर, पंप निर्दोष. आकडा नाही, कोड नाही, आणि तरी ग्राहकाला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा. ज्याने हे न करता पंप बदलला, त्याने निदान केलं असं कुणीही म्हणू नये.

आता दुसऱ्या गोटाकडे वळू, कारण वरचं वाचून तो खूश झाला असणार. हा कार्ब्युरेटरच्या आठवणीत रमणारा गोट. त्यांच्या मते इलेक्ट्रॉनिक्सने गाड्या बिघडवल्या. उस्तादाला कान आणि नाक पुरेसे असायचे. प्लगची वायर काढून इंजिनला टेकवली, ठिणगी दिसली, झालं. या मंडळींना इथे अजिबात सवलत नाही. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला, तेव्हापासून 'फिरतंय पण उचलत नाही' हा प्रश्न आहे आणि उत्तराच्या वाटाही त्याच आहेत: इंधन, ठिणगी, कम्प्रेशन, आणि या तिघांची वेळ, डिझेलमध्ये ठिणगीच्या जागी उष्णता. वाटा बदलल्या नाहीत, पण त्यांवरून चालायची जुनी पद्धत आज धोक्याची आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. ती उचलून हवेत ठिणगी पाडून बघण्याच्या नादात कॉइल किंवा ईसीएममधला तिचा ड्रायव्हर जाऊ शकतो; त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरावा. नोझलचा नट ढिला करून एअर काढायची जुनी युक्ती कॉमन रेलवर करणं तर जिवाशी खेळ आहे. चालू इंजिनात तिथे हजार-दीड हजार बारपर्यंत दाब जातो; त्या दाबाची केसाएवढी बारीक चिळकांडी कातडीत घुसली तर हात गमवायची वेळ येते. हिटर प्लग असलेल्या डिझेलमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणं हा आणखी एक अघोरी प्रकार. आणि पेट्रोल गाडीला पुन्हापुन्हा धक्का मारून उचलायला गेलं की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. गाडी सुरू झाली तर तिथे जळतं आणि कन्व्हर्टरची वाट लावतं.

शिवाय उस्तादांचा तो सुवर्णकाळ तितका सोन्याचा नव्हताच. प्लग बदलून बघू, मग कॉइल बदलून बघू, मग डिस्ट्रिब्युटर कॅप बघू, ही 'बदलून बघू' पद्धत स्कॅनरबरोबर आलेली नाही. ती पूर्वापार आहे. स्कॅनरने फक्त अंदाजाला छापील कागद दिला.

महाराष्ट्रातल्या पावसाळ्याने तर दोन्ही गोटांची परीक्षा घ्यावी. महिनाभर जागेवर उभी राहिलेली गाडी, दमट हवा आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप ओढतो तळातूनच. गाडी फिरते, उचलत नाही, कोड नाही. पण म्हणून प्रत्येक बंद गाडीचं खापर ई-२० वर फोडायची नवी फॅशनही तेवढीच बिनबुडाची. हवेतल्या दमटपणाने एवढं पाणी सहसा जमत नाही. बहुतेकदा ते टाकीच्या झाकणातून किंवा पंपावरच्या साठ्यातून आलेलं असतं. लाइनमधून अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून थोडा वेळ ठेवलं की दोन थर झाले का ते दिसतं. झाले तर इथेनॉल-पाणी दोषी. नाही झाले तर सरकारी धोरणावरची चर्चा पारावर करावी, गॅरेजमध्ये पुढची तपासणी करावी.

आणि पाण्यातून आलेल्या गाडीबद्दल एकच सांगणं: सेल्फ मारून बघू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकरांना हे तोंडपाठ असायला हवं होतं. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान मालकाने ओढवून घेतलेलं धरून दावा नाकारला जाऊ शकतो; त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. एअर फिल्टर उघडून बघायचा. ओला असेल तर टोइंगवाल्याला फोन. इथे ना कोड कामाचा ना कान.

मग हे सगळं इतकं सोपं असताना माणसं कोडवर का जातात? आळस हे उत्तर पुरेसं नाही. खरं कारण बिलाच्या कागदावर आहे. गॅरेजच्या बिलात पार्टची ओळ असते, बसवायच्या मजुरीची ओळ असते. शोधून काढण्याची ओळ बहुतेक बिलांत नसतेच. मेकॅनिकने तास घालवून कुजलेली तार शोधली आणि ती जोडून दिली, तर गाडीवाला म्हणतो, "एक तार जोडायचे एवढे पैसे?" त्याच मेकॅनिकने न शोधता चार हजारांचा सेन्सर बसवला आणि योगायोगाने कपलर हलल्यामुळे गाडी सुरू झाली, तर तोच गाडीवाला हसत पैसे देतो, कारण हातात नवा खोका आहे. दोन महिन्यांनी तीच तार पुन्हा सुटते तेव्हा "डुप्लिकेट पार्ट लावला" अशी ओरड होते. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम हळूहळू कुणी करेनासं होतं. स्कॅनरवाल्यांनी निदान संपवलं नाही. आपण त्याची मजुरी बुडवली आणि त्यांना मोकळी जागा मिळाली.

तपासणीला वेळ जातो, हा आक्षेपही फोल आहे. चावी 'ऑन' केल्यावर इंजिनचा चेक लाइट लागतो का, हे बघायला एक सेकंद लागतो. नाही लागला तर बल्ब तरी गेलाय किंवा ईसीएमलाच सप्लाय नाही. मेन रिले आणि फ्यूज बघितल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय का, दुसरा सेकंद. पंपाची घुंई, तीन सेकंद. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली बसतेय का, ते दहा सेकंदांत कळतं. तेवढ्या खाली बसली तर इंजिन फिरताना दिसेल पण ईसीएम मध्येच बेशुद्ध पडेल आणि नको ते कोड सोडेल. खूप सेल्फ मारल्यावर प्लग पेट्रोलने भिजले असतील, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्या वेळी ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलेंडर कोरडे व्हायला मदत होते. यातल्या कशालाही पाना लागत नाही, आणि एवढं झाल्यावर स्कॅनर लावला तर त्याच्या कोडचा अर्थही नीट लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी सेल्फ घेऊन उचलली नाही, तर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. बॅटरी आणि सेल्फ मोटर दोन्ही वाचतील. मेकॅनिकने पार्टचं नाव सांगितलं की विचारा, कुठल्या तपासणीत हे दिसलं, ती माझ्यासमोर पुन्हा करून दाखवता का? दाखवली तर पार्ट बिनधास्त बदलून घ्या. आणि त्याने तासभर शोधून दहा रुपयांची तार जोडली, तर त्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्या. बिलावर 'तपासणी' अशी वेगळी ओळ लिहायला सांगा.